पाण्यातलं अधिशोषण एटीआरवर बघताय? या चुका टाळा

एटीआर म्हणजे स्फटिकाच्या आतून अवरक्त किरण परावर्तित करून स्फटिकावरच्या थराचा वर्णपट घेण्याची पद्धत, आणि पाण्यातला पदार्थ पृष्ठभागाला चिकटणं म्हणजे अधिशोषण. फॉस्फेट सोडलं, वर्णपटात शोषणाचा उंचवटा (पीक) आला, म्हणजे अधिशोषण झालं! असे वर्णपट माझ्याकडे सतत येतात. त्यातल्या बहुतेकांत घोळ फॉस्फेट सोडण्याच्या आधीच झालेला असतो, बॅकग्राउंड, म्हणजे पुढचे वर्णपट ज्याच्याशी ताडायचे तो संदर्भ, घेताना.

गोएथाइटचं (लोहाच्या एका खनिजाचं) सस्पेन्शन स्फटिकावर वाळवायचं, वरून इलेक्ट्रोलाइट सोडायचं आणि लगेच बॅकग्राउंड घ्यायचा, ही घाई नडते. वाळलेली फिल्म भिजली की फुगते, सैल पडते. अवरक्त किरणांचा प्रभाव स्फटिकाच्या बाहेर जेमतेम एखाद-दोन मायक्रोमीटर पोचतो. तेवढ्या जागेत खनिज कमी आणि पाणी जास्त झालं की १६४० प्रति सेंमीजवळचा पाण्याचा पट्टा वाढत जातो (वर्णपटातली जागा अशी तरंगसंख्येत सांगतात). मी नेहमी गोएथाइटचे स्वतःचे ८९० आणि ७९५चे पट्टे बघते. ते घटत असतील तर फिल्म हलते आहे, आणि मोजणी थांबवायची.

एका विद्यार्थ्याच्या वर्णपटात फॉस्फेटचे पट्टे १००० ते ११५०मध्ये छान वाढत होते, पण १३५० आणि १४९०च्या आसपास दोन खड्डे होते. त्याने बेसलाइन करेक्शन करून (वर्णपटाची पायारेषा सरळ करून) ते बुजवले आणि आकृती प्रबंधात घातली. मी मूळ डेटा मागवला आणि त्याला ब्लँक करायला लावलं: तीच फिल्म, तेच इलेक्ट्रोलाइट, तोच पीएच, फक्त फॉस्फेट नाही. खड्डे तिथेही आले. सस्पेन्शन उघड्या हवेत ठेवलेलं होतं, त्यामुळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आलेलं कार्बोनेट गोएथाइटवर आधीच बसलेलं होतं. वरून वाहणारं द्रावण मात्र नायट्रोजन सोडून घेतलेलं, म्हणून ते कार्बोनेट हळूहळू निघून जात होतं. फॉस्फेटही कार्बोनेटला हुसकावतंच, त्यामुळे खड्ड्याचा काही भाग हा खरा निष्कर्ष होता. कोणता भाग कशामुळे, हे ब्लँक सपाट झाल्यावरच कळतं. बेसलाइन सरळ करून त्याने दोन्ही पुसून टाकले होते. खड्डा दिसला तर तो कशाचा, हे आधी शोधा. माझ्याकडे आता सस्पेन्शनमधूनही सुरुवातीपासून नायट्रोजन सोडला जातो, फिल्म रात्रभर इलेक्ट्रोलाइटखाली राहते, आणि लागोपाठचे दोन स्कॅन एकमेकांवर सपाट बसल्याशिवाय कोणी फॉस्फेटला हात लावत नाही.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे पट्टे मोजून बंध ठरवणं. सल्फेट पाण्यात मोकळं असताना ११०० प्रति सेंमीजवळ एकच रुंद पट्टा देतं. पृष्ठभागाला एका ऑक्सिजनने बांधलं गेलं की तो दोनांत फुटतो, दोन ऑक्सिजननी बांधलं गेलं की तिनांत, आणि ९८०जवळचा एरवी न दिसणारा पट्टाही डोकं वर काढतो. पुस्तकातलं हे खरं आहे. पण प्रोटॉन चिकटला तरी सममिती तशीच घटते. फॉस्फेट तर बहुतेक पीएचला आधीच प्रोटॉन घेऊन फिरतं, म्हणून एका पीएचवरच्या एका वर्णपटावरून 'द्विदंती' (दोन ऑक्सिजननी बांधलेलं) लिहिणं मला मान्य नाही. पीएच बदलत मालिका घ्या, मग जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) पुन्हा करा. पट्टे सरकले तर प्रोटॉनचा संशय घ्या. जड पाण्यात पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडच्या वाचनात ०.४ मिळवायला विसरू नका.

नमुना वाळवून घेतलेला वर्णपट पाण्यातल्या अवस्थेचा पुरावा नाही. वाळताना सल्फेटची बांधणी बदलते.

झिंक सेलेनाइडच्या स्फटिकावर आम्लधर्मी द्रावण सोडू नका. पीएच ५च्या खाली स्फटिक खराब होतो, आणि तीव्र आम्लात विषारी हायड्रोजन सेलेनाइड सुटतो.

१४०० ते १८००मधल्या बारीक काट्यांना स्मूदिंगने झाकू नका, ती पाण्याची वाफ आहे. पर्ज (उपकरणातून सोडलेला कोरडा वायू) वाढवा आणि थांबा.

वर्णपटातून पाणी वजा करताना १६४०चा पट्टा शून्यावर आणून मोकळे होऊ नका, कार्बॉक्सिलेटचे (सेंद्रिय आम्लांच्या गटाचे) पट्टे तिथेच शेजारी असतात. मी २१२०जवळचा पाण्याचा रुंद पट्टा बघून वजाबाकीचा गुणक ठरवते. हिऱ्याच्या स्फटिकावर मात्र हे जमत नाही, कारण हिरा स्वतःच त्या भागात शोषतो.