काळा तांदूळ: रंग न घालवता भात आणि खीर

आजऱ्याच्या घनसाळ तांदळावर वाढलेल्या माणसाला काळ्या तांदळाचा पहिला घास चिवट लागतो. लागू दे. याची चव कोंड्यासकट खाण्यात आहे. जांभळाला रंग देणारं अँथोसायनिन आणि तंतूही त्या कोंड्यातच असतात.

घेताना एक दाणा तोडून बघा. बाहेरून काळा, आतून पांढरा हवा. रंग आतपर्यंत भिनलेला असेल तर तो तांदूळ ठेवा दुकानातच. धुताना पाणी जांभळं झालं तर मात्र घाबरू नका. ते तसंच होतं.

एकदाच, हलक्या हातानं धुवा आणि रात्रभर भिजत घाला. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी पुरे. सकाळी त्याच पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, कुकरला मध्यम आचेवर चार शिट्ट्या काढा. वाफ आपोआप जिरू द्या. भात वेळायची सवय असेल तर इथं ती सोडा, नाहीतर अर्धा रंग मोरीत जाईल. पांढऱ्या तांदळात मिसळून शिजवू नका. पांढरा गिचका होतो आणि काळा कच्चाच राहतो. ताटात तांबडा रस्सा घ्या. पांढऱ्या रश्शाला जांभळट छटा येते, चवीला काही होत नाही, पण पाहुण्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं!

खरी मजा खिरीत. मणिपुरात चाक-हाओ या काळ्या तांदळाची खीर सणासमारंभाला करतात. त्याला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तमिळनाडूत चेट्टीनाडकडे करुप्पु कवुनी या तिथल्या काळ्या तांदळाचं गोड करतात. आपण आपला गूळ घालू. भिजवलेला तांदूळ तिप्पट पाण्यात अगदी मऊ शिजवा आणि डावानं थोडा घोटा. दाणा शिजल्याशिवाय गूळ घालू नका, नंतर तो मऊ होत नाही. गूळ पाण्यात विरघळवून, गाळून घाला, पाच मिनिटं उकळा. आच मंद करून नारळाचं दूध आणि वेलची घाला; आता उकळी नको. गाईम्हशीचं दूध वापरायचं तर खीर निवल्यावरच घाला, गरम गुळात ते फाटतं.

पॉलिशच्या भातापेक्षा यानं साखर सहसा सावकाश वाढते, पण शेवटी हा भातच. मधुमेह असेल तर वाटी मोजूनच घ्या, आणि खीर चमचाभरच.

कोंड्यात तेल असल्यानं हा तांदूळ लवकर खवट होतो. थोडाच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये.