थ्रेशोल्ड मोजायला निघण्याआधी

थ्रेशोल्ड म्हणजे जोराचा उंबरठा. तिथे हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात, ते धावून मोजायचं. त्या ३० मिनिटांच्या चाचणीची तयारी दोन दिवस आधीपासून करायची, असं सांगितलं की नवे धावपटू हसतात. पण त्या अर्ध्या तासातून निघणारा एक आकडा पुढचे सहा-आठ आठवडे तुमच्या प्रत्येक धावेवर हुकूम चालवणार असतो. तो पाच-सात ठोक्यांनी जास्त आला, तर सोप्या म्हणून ठरवलेल्या धावा नकळत मध्यम होतात आणि अंग का आंबलंय तेच कळत नाही.

सगळ्यात आधी, नेमका कोणता उंबरठा मोजायचाय ते ठरवा. उंबरठे दोन आहेत. पहिला एरोबिक, म्हणजे रक्तातलं लॅक्टेट (जोर लावल्यावर स्नायूंत जास्त तयार होणारा पदार्थ) विश्रांतीच्या पातळीवरून नुकतं वर सरकू लागतं तो. प्रयोगशाळेत तो साधारण लिटरमागे २ मिलिमोलच्या आसपास धरतात. दुसऱ्याच्या पुढे गेलात की लॅक्टेट निचऱ्यापेक्षा वेगाने साचतं. त्यासाठी ४ मिलिमोल हा आकडा रूढ आहे, पण तो माणसागणिक बराच बदलतो. ३० मिनिटांची चाचणी दुसऱ्याचा अंदाज देते. पहिल्यासाठी तासभर एकाच वेगाने धावायचं आणि दोन्ही अर्ध्या तासांतल्या ठोक्यांची सरासरी ताडून पाहायची. दुसऱ्या अर्ध्यात ठोके ५ टक्क्यांपेक्षा कमी वाढले, तर तुम्ही पहिल्या उंबरठ्याच्या आत आहात. '२२० वजा वय' मात्र विसरा. त्यात दहा-बारा ठोके इकडेतिकडे होणं सर्रास आहे, आणि तो कमाल ठोक्यांचा अंदाज आहे, उंबरठ्याचा नव्हे. इटलीच्या फ्रांचेस्को कोनकोनी यांनी १९८२ मध्ये मांडलेली, वेग वाढवत नेऊन ठोक्यांचा आलेख कुठे वाकतो ते बघण्याची पद्धतही मी सोडून दिली. अनेकांच्या आलेखात तो वाक दिसतच नाही.

छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब किंवा हृदयाचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची, ठोके कमी करणारी औषधं) चालू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे मिळालेला आकडा इतरांच्या मोजपट्टीने वाचता येत नाही. ताप नुकताच उतरला असेल तर चाचणी सरळ पुढे ढकला.

आधीचे दोन दिवस जोराचा व्यायाम नको. आदल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं अगदी हलकं धावलात तर चालेल, आणि झोप पूर्ण हवी. खाणं दोन-तीन तास आधी, पचायला हलकं. कॉफी रोज घेत असाल तर नेहमीइतकीच घ्या. घेत नसाल तर आज सुरुवात करू नका. वेळ थंड हवेची निवडा, कारण उन्हात रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. रस्ता सपाट, सिग्नल नसलेला हवा. ट्रॅक मिळाला तर सोन्याहून पिवळं. धावा एकट्याने. सोबतीला मित्र असला की शर्यत होते.

आता उपकरण. इथे मी जरा हटवादी आहे: ठोके मोजायला छातीचा पट्टाच हवा. माझी पहिली चाचणी मनगटावरच्या घड्याळाने झाली. आलेखात १७२ ची रेघ कशी ताणून बसवल्यासारखी! मी खूश. दोन दिवसांनी दुसरा आलेख उघडला, तर मिनिटाला पावलंही १७२. घड्याळ नाडी सोडून पावलं मोजत बसलं होतं. पट्टा घालताना आतल्या बाजूचे पॅड पाण्याने नीट ओले करा. कोरड्या पट्ट्यावर पहिली काही मिनिटं ठोके उगाच उड्या मारतात, घाम आला की शहाण्यासारखे वागतात. बॅटरी आदल्या रात्रीच तपासा. घड्याळातला ऑटो-पॉज (थांबलात की मोजणी आपोआप थांबवणारा) आणि ऑटो-लॅप (ठरावीक अंतराला आपोआप नवा टप्पा पाडणारा) बंद करा, आणि पडद्यावरून ठोक्यांचा आकडाच काढून टाका.

तो का काढायचा? जोर लावल्यावर हृदय लगेच तिथे पोचत नाही, मागून येतं. आकडा समोर असला की पहिल्या तीन-चार मिनिटांत माणूस तो गाठायला पळतो आणि विसाव्या मिनिटाला त्याचा पार भुगा होतो. म्हणून १५ मिनिटं वॉर्म-अप, त्यात २०-२० सेकंदांचे तीन-चार वेगवान तुकडे, दोन मिनिटं दम खाणं, आणि मग ३० मिनिटं समान वेगाने टिकेल तेवढा जोर. दहाव्या मिनिटाला घड्याळाचं लॅप बटण दाबा, म्हणजे तिथून नवा टप्पा मोजला जाईल. पुढच्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी हा तुमचा आकडा. सुरुवातीला एखादं पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तुम्ही हळू आहात. दोन-तीन शब्दांवर धाप लागली तर बरोबर. शेवटच्या दहा मिनिटांत वेग ढासळला असेल तर आकडा वहीत लिहू नका, आठवड्याने पुन्हा धावा.

सायकलवाल्यांनी वेगळी चाचणी द्यावी. सायकलवर स्नायू कमी राबतात, म्हणून आकडा बहुतेकांचा धावण्यापेक्षा खाली येतो. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) करत असाल तर पंखा समोर हवाच.

वहीत सरासरीसोबत तापमान, वेळ, झोपेचे तास, कॉफी, रस्ता आणि एकूण अंतरही टिपा. सहा-आठ आठवड्यांनी तेच सगळं जुळवून पुन्हा धावायचंय. तेव्हा आकडा जवळपास तोच आला म्हणून हिरमुसू नका. सराव मुरलेल्यांचा तो फारसा हलत नाही. त्याच ठोक्यांना ३० मिनिटांत अंतर किती वाढलं, ते शेजारच्या रकान्यात बघा.