डेटाबेसात लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी या चुका टाळा

‘अॅक्सेस डिनाइड’ एवढे दोन शब्द दिसले की पुढचं वाचायचंच नाही, अशी नव्या मुलांची सवय आहे. लगेच पासवर्ड बदलायचा, मग रूटने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याने, आत शिरायचा प्रयत्न, मग सर्व्हर रीस्टार्ट आणि मग मला फोन. मी आधी एकच सांगतो : एरर पूर्ण वाचून दाखव. पलीकडे शांतता. कारण तोवर स्क्रीन बंद केलेली असते.

इथे मुख्यतः मायएसक्यूएल या डेटाबेसबद्दल लिहितोय. इंदुरात ज्या दुकानांत, ऑफिसांत माझं जाणं होतं तिथे बहुधा तेच असतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचंही थोडं आहे.

होस्टकडे न बघणं

ही माझी लाडकी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नव्हे. नाव आणि तो कुठून येतोय ते ठिकाण, म्हणजे होस्ट, दोन्ही मिळून एक खातं होतं. राजेंद्रनगरातले जोशी आणि लोकमान्यनगरातले जोशी जसे वेगळे, तसे ‘बिलिंग @ लोकलहोस्ट’ (म्हणजे सर्व्हरच्याच मशीनवरून येणारा) आणि ‘बिलिंग @ १९२.१६८.१.२०’ हे दोन वेगळे इसम. दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, परवानग्याही वेगळ्या.

सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडचा प्रसंग. तारीख दहा, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख, आणि मुनीमजींच्या कॉम्प्युटरवरून बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. सपोर्टला आलेला मुलगा सकाळपासून बसलेला. ‘भिया, पासवर्ड तो तीन बार बदल दिया, कमांड ओके बताती है, फिर भी नहीं घुस रहा.’ शेठजी मागे उभे राहून दर पाच मिनिटांनी ‘हो गया क्या’ विचारतायत, त्यामुळे तो अजूनच घाईत.

एरर १०४५ होता. त्याच ओळीत लिहिलेलं होतं : युजर ‘बिलिंग’ @ ‘१९२.१६८.१.३४’, युजिंग पासवर्ड येस. खात्यांची यादी काढली, म्हणजे मायएसक्यूएल डॉट युजर या टेबलातून फक्त युजर आणि होस्ट हे दोन कॉलम. तिथे बिलिंग होता, पण शेपटी १.२० ची. आदल्या दिवशी इंटरनेटवाला नवा राउटर लावून गेला होता आणि मुनीमजींच्या मशीनला नवा पत्ता मिळाला होता. जुना १.२० कोणाकडे गेला म्हणून पाहिलं, तर तो प्रिंटरने घेतलेला. म्हणजे पोरगा सकाळपासून ज्या खात्याचा पासवर्ड बदलत होता, त्या खात्याने त्या घडीला फक्त प्रिंटर लॉगिन करू शकला असता.

यात एक बारकावा आहे. त्या पत्त्यावरून कोणालाच प्रवेश नसता, तर एरर ११३० आला असता, ‘होस्ट इज नॉट अलाउड’ असा स्पष्ट. पण आधीच्या कोणा व्हेंडरने ‘%’ होस्टचं, म्हणजे कुठल्याही पत्त्यावरून चालणारं, दुसरंच एक खातं करून ठेवलं होतं. त्यामुळे पत्ता चालतो पण माणूस ओळखीचा नाही, असं झालं आणि १०४५ आला. नंबर बघत जा ते यासाठी. १०४५ म्हणजे ओळख पटली नाही. १०४४ म्हणजे आत आलात, पण त्या डेटाबेसवर हक्क नाही. २००२ किंवा २००३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत, तिथे पासवर्डशी झटापट करून काय मिळणार?

उपाय दहा मिनिटांचा होता. ‘१९२.१६८.१.%’ असं होस्ट देऊन बिलिंगचं खातं नव्याने केलं, जुनं ड्रॉप केलं आणि राउटरमध्ये मुनीमजींच्या मशीनचा पत्ता पक्का करून टाकला. जुनं खातं ठेवू नका. मायएसक्यूएल जास्त नेमकं होस्ट आधी जुळवतो, त्यामुळे उद्या ते मशीन परत १.२० वर गेलं की जुना पासवर्ड जागा होतो.

याच नियमाने जुन्या सर्व्हरवर बिननावाचं ‘लोकलहोस्ट’ खातं तुमच्या ‘%’ वाल्या खात्याच्या आधी हात मारतं. संशय आला की आत शिरून युजर() आणि करंट_युजर() दोन्ही सिलेक्ट करून बघा. पहिला सांगतो तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरा सांगतो सर्व्हरने तुम्हाला कोण मानलं. दोन्हींत फरक दिसला की निम्मं काम झालं. मी तर हे बघितल्याशिवाय ग्रँटला, म्हणजे हक्क देणाऱ्या कमांडला, हातच लावत नाही.

‘चालू तर झालं ना’ म्हणून ग्रँट ऑल

परवानगीचा एरर आला की स्टार डॉट स्टारवर, म्हणजे सगळ्या डेटाबेसांतल्या सगळ्या टेबलांवर, ग्रँट ऑल, होस्ट ‘%’. इंटरनेटवर पहिलं उत्तर तेच सापडतं आणि ते चालतंही, हाच त्रास आहे. विजयनगरच्या एका ऑफिसात अॅपच्या खात्याला असे सगळे हक्क दिले होते. नव्या मुलाने टेस्टची स्क्रिप्ट चालवली, कॉन्फिग फाइल लाइव्हची होती, आणि स्क्रिप्टची पहिली ओळ टेबलं ड्रॉप करणारी. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून अर्ध्या दिवसाच्या ऑर्डरींवर निभावलं. त्या पोराला सगळ्यांनी फैलावर घेतलं. मला विचाराल तर ज्याने ती ग्रँट दिली त्याला घ्यायला हवं होतं. अॅपला टेबल ड्रॉप करायचं कामच काय?

माझ्याकडे तीन खाती असतात. अॅपला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट, तेही त्याच्या एका डेटाबेसवर. टेबलांची रचना बदलायला दुसरं खातं, ज्याचा पासवर्ड अॅपच्या कॉन्फिगमध्ये कधीच नसतो. रिपोर्टवाल्यांना फक्त सिलेक्ट. तक्रारी येतात, येऊ द्या.

आणि हक्क काढल्यावर ‘रिव्होक केलं तरी अजून चालतंय’ म्हणून घाबरू नका. ग्लोबल, म्हणजे सगळ्या डेटाबेसांवरच्या, हक्कांमधला बदल चालू कनेक्शनला लागत नाही, नव्या कनेक्शनपासून लागतो. अॅपने कनेक्शन धरून ठेवलेली असतात, ते रीस्टार्ट करा.

बाकीच्या, थोडक्यात

प्रत्येक ग्रँटनंतर फ्लश प्रिव्हिलेजेस (परवानग्या पुन्हा वाचायला लावणारी कमांड) मारणं हा निव्वळ विधी आहे. परवानग्यांच्या टेबलांत थेट इन्सर्ट-अपडेट केलं तरच त्याची गरज, आणि तसं करायचंच नसतं.

एररच्या शेवटी ‘युजिंग पासवर्ड नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेला नाही. कॉन्फिग वाचली जातेय का ते बघा.

पासवर्ड ‘इंदौर@१२३’ छापाचा, आणि कनेक्शन एका यूआरएलमध्ये लिहिलेलं. मग त्यातल्या @ नंतरचं सगळं सर्व्हरचं नाव समजलं जाऊ शकतं. @ च्या जागी %४० लिहा. खरं तर पासवर्डच बदला.

उबंटू लिनक्सवर रूटने शिरताना एरर १६९८ आला तर पासवर्ड आठवत बसू नका. तिथे रूट लिनक्सच्या ओळखीने आत येतो, कमांडच्या आधी सुडो लावा.

जुनं अॅप आणि मायएसक्यूएल ८ ही जोडी जमत नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे अॅपला डेटाबेसशी जोडणारा भाग, अपडेट करा. २०१८ साली आलेल्या ८.० पासून पासवर्ड तपासायची ठरलेली पद्धत कॅशिंग_शा२ आहे, जुन्या ड्रायव्हरला ती कळत नाही. खातं जुन्या पद्धतीवर ओढून आणणं ही पळवाट झाली.

स्किप-ग्रँट-टेबल्स (परवानग्या तपासणंच बंद करणारी ओळ) लावून रूटचा पासवर्ड बदललात, ठीक. पण ती ओळ कॉन्फिगमधून काढली का? मी एका ठिकाणी ती कित्येक महिने तशीच बघितली आहे, बिनपासवर्डाचं दार सताड उघडं.

डेटाबेस डॉकरच्या कंटेनरमध्ये चालत असेल तर एन्व्हायर्नमेंटमधला (कंटेनर सुरू करताना दिलेला) पासवर्ड बदलून काही होत नाही. डेटाचा व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवलेली जागा, आधीपासून असेल तर तो पासवर्ड वाचलाच जात नाही.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी

कोणाला कुठून आत घ्यायचं हे ठरवणारी पीजी_एचबीए फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. मुलं नवी ओळ तळाशी टाकतात आणि वरची रिजेक्टची ओळ तशीच राहते. बदलल्यावर रीलोड द्या, रीस्टार्टची गरज नाही.

पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमात (टेबलांच्या नेहमीच्या कप्प्यात) टेबल करायचा हक्क सर्वांना आपोआप नसतो. अपग्रेडनंतर नवा डेटाबेस केलात आणि ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ आला, तर सर्व्हर बिघडलेला नाही, स्कीमावर क्रिएटची ग्रँट द्या.

आणि टेबलावर इन्सर्ट दिलं पण सीरियल कॉलमच्या सीक्वेन्सवर (आपोआप पुढचा नंबर देणाऱ्या यंत्रणेवर) यूसेज द्यायचं राहिलं, हे तर रोजचंच. सिलेक्ट चालतं, सगळे खूश, आणि पहिली नवी एंट्री करताना ‘परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स’. ग्रँट देताना टेबलांबरोबर सीक्वेन्सचीही द्या, आणि पुढे होणाऱ्या टेबलांना हक्क आपोआप मिळावेत म्हणून ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस. मात्र ती कमांड जो रोल (पोस्टग्रेसमधलं खातं) टेबलं बनवणार आहे त्याच्या नावाने चालवा. पोस्टग्रेस नावाच्या सुपरयुजरने चालवलीत आणि टेबलं दुसऱ्याच रोलने बनवली, तर तिचा उपयोग शून्य.