नीटनंतरचा पसंतीक्रम: सोलापुरातून वैद्यकीय पदवी आखताना

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कसा करावा हे सांगणारे सोलापुरात गल्लोगल्ली भेटतात. निकाल लागल्यावर काय करायचं, हे नीट सांगणारे मात्र फार थोडे, आणि हातातली जागा जाते ती बहुतेक वेळा तिथेच. बरीच वर्षं मी मुलांचे प्रवेशाचे फॉर्म त्यांच्या शेजारी बसून भरून घेतो आहे. चांगले गुण असलेली मुलं ऐकीव सल्ल्यापायी नको त्या कॉलेजात गेलेली पाहिली, की चीड येते. म्हणून हे लिहितो आहे.

अकरावी कुठे करायची

हा निर्णय दहावीच्या सुट्टीतला, आणि तो चुकला तर नंतर दुरुस्त होत नाही. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास झालेली असावी लागते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची काही मुलं जवळ पडतं म्हणून विजापूरला अकरावी-बारावी करतात, काही क्लासच्या नादाने हैदराबादला जातात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, वादग्रस्त सीमाभागातली मुलं असे मोजके अपवाद सोडले, तर अशा मुलाचा राज्य कोटा गेलाच म्हणून समजा. बाहेर जायचंच असेल तर लातूरला जा, पुण्याला जा. बारावीचा दाखला महाराष्ट्रातला हवा.

कागदपत्रं

अधिवास, उत्पन्न आणि नॉन क्रिमिलेयर 'आपले सरकार'वरून किंवा सेतूतून काढा. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. देशपातळीवरच्या कोट्यात ओबीसी म्हणून बसायचं असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, राज्याचं तिथे चालत नाही. एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाचं आरक्षण तर तिथे नाहीच.

कोणती पदवी

एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएसलाही (होमिओपॅथी) तेवढाच काळ लागतो. बीडीएस (दंतवैद्यक) चार अधिक एक. फिजिओथेरपीलाही आपल्याकडे नीट लागते. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा अर्ज आधीच भरून ठेवा. 'एमबीबीएस नाही तर काहीच नाही' म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालू नका. त्याला दिवसभर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे आणि एखाद्या वैद्यांकडे नेऊन बसवा, मग विचारा.

कॉलेजांचे तीन प्रकार

सरकारी म्हणजे आपलं डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. १९६३ पासूनचं, सिव्हिलला जोडलेलं. खासगी विनाअनुदानित म्हणजे कुंभारीचं अश्विनी. इथल्या राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, पण संस्थात्मक कोट्याची फी त्याच्या कितीतरी पट असते. तिसरा प्रकार अभिमत विद्यापीठांचा: विजापूरचं बीएलडीई, कराडचं कृष्णा, कोल्हापूरचं डी. वाय. पाटील. यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होत नाहीत, दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून होतात. आपलं राज्याचं आरक्षण तिथे लागू नाही. 'विजापूर जवळ आहे, बघू काहीतरी' असं म्हणत डिपॉझिट भरण्याआधी साडेचार वर्षांची पूर्ण फी कागदावर मांडा.

मुलींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. फीच्या भीतीने मुलीच्या यादीतून खासगी कॉलेजं काढून टाकणारे पालक दर वर्षी भेटतात. आधी हा नियम वाचा.

पसंतीक्रम

इथे घाई करायची नाही. हा टप्पा नीट उमगायला मलाही वेळ लागला, आणि तो उमगल्यापासून 'कटऑफ बघून यादी लावा' हा सल्ला ऐकवत नाही.

संगणक काय करतो ते आधी समजून घ्या. तो कॉलेजपासून सुरुवात करत नाही, मुलापासून करतो. गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतो, त्याची पसंती वरून खाली वाचतो, जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती त्याला देतो. मग दुसरा, मग तिसरा. तुमचा नंबर येतो तेव्हा तुमच्या पुढच्या सगळ्यांना जागा मिळून गेलेल्या असतात आणि तुमच्या मागच्या कोणाचाही विचार झालेला नसतो. समजा तुम्ही पहिलं मुंबईचं जी. एस., दुसरं पुण्याचं बी. जे. आणि तिसरं सोलापूर लिहिलं. पहिली दोन भरलेली असतील तर संगणक मुकाट्याने तिसऱ्यावर येतो. तुमच्या मागच्या मुलाने सोलापूर पहिल्या क्रमांकावर लिहिलं असलं तरी ते आधी तुम्हालाच मिळतं. वर मोठं कॉलेज लिहिल्याने खालची जागा जात नाही. हे एवढं पटलं की निम्मी भीती संपते.

म्हणून यादी अशी करा. एका वहीत सगळी कॉलेजं उतरवा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा: हे मिळालं तर जाणार का? 'बघू' हे उत्तर चालत नाही. जाणार नसाल तर आत्ताच खोडा. मग उरलेल्यांतली दोन-दोन समोरासमोर धरा. मिरज आणि लातूर दोन्ही हातात आली तर कुठे जाल? धाराशिव की अंबाजोगाई? जे जिंकेल ते वर. या टप्प्यावर गेल्या वर्षीचा कटऑफ उघडायचा नाही, ती फाइल बंद ठेवा.

कटऑफ बघायचा तो सगळ्यात शेवटी, आणि एवढ्याचसाठी की यादी पुरेशी खोल गेली आहे का. तोही आपल्या प्रवर्गाच्या ओळीतला बघा, आणि गुण न बघता गुणवत्ता क्रमांक बघा. पेपर अवघड निघाला की गुण धाडकन खाली येतात, मग गेल्या वर्षीच्या गुणांशी केलेली तुलना फसवते. गेल्या वर्षी ज्यांच्या जागा तुमच्या क्रमांकाच्या बऱ्याच खालपर्यंत गेल्या, अशी काही कॉलेजं यादीच्या तळाशी असली पाहिजेत. नसतील तर आणखी लिहा. पाच-सहा नावं लिहून देवावर भरवसा ठेवणारी यादी मी कोणालाही पुढे पाठवू देत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो बीडीएसचा. एमबीबीएस आणि बीडीएसची पसंती एकाच गटात, एकाच यादीत भरायची असते. 'सेफ्टी म्हणून' कोणीतरी घराजवळचं खासगी डेंटल मधेच घालायला लावतं, आणि गडचिरोली-नंदुरबारकडची सरकारी एमबीबीएस कॉलेजं त्याच्या खाली जातात. संगणक वरून वाचतो! डेंटल आधी दिसलं की तो तिथेच थांबतो, खालच्या एमबीबीएसपर्यंत पोचतच नाही. मुलाला दंतवैद्य व्हायचं असेल तर बीडीएस खुशाल वर लिहा. नसेल तर ते शेवटच्या एमबीबीएसच्या खाली, आणि अजिबात नको असेल तर यादीतच नको.

आणखी एक जुनाट सल्ला अजून फिरतो: 'सोलापूर उर्वरित महाराष्ट्रात येतं, मराठवाड्यातली कॉलेजं लिहून उपयोग नाही.' ती ७०:३० ची विभागवार पद्धत २०२० साली रद्द झाली. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी आहे. लातूर, धाराशिव, नांदेड, अंबाजोगाई बेधडक लिहा. सोलापूरहून धाराशिव तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहे आणि आपलीच माणसं ते वगळतात, हे मला बघवत नाही.

यादी मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावी, स्वतःच्या लॉगिनमधून. कॅफेवाल्याच्या हाती पासवर्ड देऊन चहा प्यायला जाऊ नका. कॉलेजचा कोड आणि नाव दोन्ही जुळवा, कारण एकाच शहरात सारख्या नावाची सरकारी आणि खासगी कॉलेजं असतात. मुदतीच्या आदल्या दिवशी यादी पक्की करा, प्रिंट काढा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ती मोठ्याने वाचायला लावा.

जागा मिळाल्यावर

मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्सचे तीन संच घेऊन मुदतीत हजर व्हा.

मग रिटेन्शनचा प्रश्न येतो. रिटेन्शनचा फॉर्म भरलात की ही जागा कायम होते आणि पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. नाही भरला आणि वरची जागा लागली, तर आधीची आपोआप जाते आणि परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीला पसंती नव्याने भरायची वेळ आली, तर हातातल्या जागेपेक्षा खरोखर हवी असलेलीच कॉलेजं लिहा. शेजाऱ्यांनी सुचवलेलं एक नाव घालून मिरज गमावलेली मुलगी मला माहीत आहे. फेऱ्यांचे बारीक नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणाचं ऐकू नका. माझंही नाही.

एमसीसीकडेही अर्ज केला असेल तर तिथली पहिली फेरी बिनधास्त सोडता येते. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा सोडली की डिपॉझिट जातं, आणि शेवटच्या फेरीत लागलेल्या जागेवर रुजू झाला नाहीत तर पुढच्या नीटला बंदी येते. तिथे 'नुसतं बघू या' म्हणून उतरू नका.

सरकारी कॉलेजात एमबीबीएस करणाऱ्याला पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक आहे, तसा बाँड द्यावा लागतो. सही करण्याआधी तो बाँड आई-वडिलांबरोबर बसून वाचा. आयुर्वेद-होमिओपॅथीचा गट आणि फिजिओथेरपीचा गट यांच्या याद्या स्वतंत्र आणि वेळापत्रकही वेगळं असतं. एमबीबीएसच्या फेऱ्या चालू असतानाच त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्या निघून गेल्या तर कोणी फोन करून सांगत नाही.