ड्राइव्ह विकत घेण्याआधी: तीन फेजचा जुना लेथ सिंगल फेजवर आणताना

जुना लेथ कुणाच्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून चांगल्या भावात हाती येतो. त्याची मोटर तीन फेजची, आणि घरामागच्या शेडमध्ये मीटर मात्र सिंगल फेजचं. मग कोणी ना कोणी सांगतंच, "व्हीएफडी बसव, काम झालं." व्हीएफडी किंवा नुसता ड्राइव्ह म्हणजे सिंगल फेजवरून तीन फेज बनवणारी आणि हर्ट्झ कमी-जास्त करून मोटरचा वेग बदलणारी पेटी. काम होतं, त्यात शंका नाही. पण ड्राइव्ह ही या सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. त्याआधीची बरीचशी तयारी पाना, मल्टिमीटर आणि टॉर्च एवढ्यावर होते. इथे मी दोन एचपीच्या मोटरचा लेथ समोर धरला आहे. ड्रिल किंवा मिलिंग असलं तरी फार फरक पडत नाही.

सुरुवात नेमप्लेटपासून. तिच्यावरचा ग्रीसचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम आणि जोडणी स्टार (तिन्ही वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांची, एकेक टोकं एकत्र) की डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण), या पाच गोष्टी पुढे प्रत्येक पायरीला लागतात. आपल्याकडे तीन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्यापुढच्या डेल्टात. सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह २३० व्होल्ट घेतो आणि २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, ४१५ करून देत नाही. पण स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर मुळात २४० व्होल्टच पडत असतात. तीच मोटर डेल्टात बदलून २३० वर चालवली की वाइंडिंगला फरक कळतही नाही. सगळी गंमत इथे आहे. जोडणी बदलता येत नसेल तर असा साधा ड्राइव्ह कितीही महागातला असला तरी उपयोगाचा नाही.

म्हणून नेमप्लेटनंतर लगेच टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा. आत सहा टर्मिनल आणि पितळी पट्ट्या दिसल्या तर नशीब चांगलं. एका ओळीतली तीन टर्मिनलं आडव्या पट्टीने जोडलेली असतील तर तो स्टार. ती पट्टी काढून तीन उभ्या जोडण्या करायच्या: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. झाकणाच्या आत आकृती छापलेली असते, ती बघूनच करा, कारण जुन्या मोटरवर ए१-ए२ अशीही नावं सापडतात. जोडणी बदलली की करंट १.७३ पटीने वाढतो. ४१५ वर साडेतीन अँपिअर घेणारी मोटर आता सहाच्या आसपास घेईल. ड्राइव्ह निवडताना हा नवा आकडा धरायचा, प्लेटवरचा जुना नाही.

बॉक्समध्ये तीनच वायरी असतील तर स्टारचा सांधा मोटरच्या पोटात, वाइंडिंगच्या डोक्यावर दोऱ्याने बांधून वार्निशखाली गाडलेला असतो. चांगला वाइंडर मोटर खोलून, थोडी गरम करून वार्निश मऊ करतो, तो सांधा शोधतो, सोडवतो आणि तिथून तीन नव्या वायरी स्लीव्ह चढवून बाहेर आणतो. तासाभराचं काम वाटतं, पण जुनं इन्सुलेशन कडक झालेलं असेल तर हात लावताच पापुद्रे सुटतात. वाइंडरने तपासून "नवीन भरूनच घ्या" असं सांगितलं तर घासाघीस करू नका. ड्राइव्हचा पुरवठा मोटरला साध्या लाइनसारखा गुळगुळीत मिळत नाही, सेकंदाला हजारो वेळा तुटक ठोके बसतात, आणि कच्चं इन्सुलेशन तिथेच हार खातं. भरतानाच सहा वायरी बाहेर काढून घ्या. बेअरिंगही त्याच फेरीत बदलून टाका.

पाच एचपीची, ४१५ ला डेल्टा असलेली मोटर असेल तर हा मार्ग बंद. ती २३० वर साधारण २८ हर्ट्झपर्यंतच पूर्ण जोर देते. ५० हर्ट्झला तिची ओढ एक तृतीयांशावर येते. अशा वेळी मोटरच बदलणं किंवा तीन फेजचं कनेक्शन घेणं स्वस्त पडतं. आणि कॅपॅसिटरची सिंगल फेज मोटर ड्राइव्हवर लावायचा विचार डोक्यातून काढाच. तिच्यातला सेंट्रिफ्युगल स्विच आणि कॅपॅसिटर दोघांनाही ते मानवत नाही.

मोटर तयार झाली की मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, करून घ्या, पण ड्राइव्ह जोडण्यापूर्वी. ५०० व्होल्टचा मेगर लावून वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं वाचन एक मेगाओमपेक्षा बरंच वर हवं. एकदा ड्राइव्ह जोडल्यावर मेगर लावला तर मोटरऐवजी ड्राइव्हच जाईल.

आता घराकडची बाजू. दीड किलोवॉटचा सिंगल फेज ड्राइव्ह आउटपुटला सात अँपिअर देतो, पण इनपुटला पूर्ण लोडवर पंधराच्या आसपास ओढतो. म्हणजे गिझरचा सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड बाद. मीटरपासून वेगळी लाइन, चार स्क्वेअर एमएमची वायर, आणि ड्राइव्हच्या पुस्तकात सांगितलेला एमसीबी, एवढं आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मंजूर भार किती आहे तेही वीजबिलावर बघा. अर्थिंग खरं हवं. न्यूट्रललाच अर्थ मानणारे महाभाग अजून भेटतात. मोटरची बॉडी आणि लेथचा बेड, दोन्ही अर्थला. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ड्राइव्हमधल्या फिल्टरची गळती त्याला कधी कधी पाडते. तसं झालं तर आरसीसीबी काढून टाकू नका, ड्राइव्हला चालणाऱ्या प्रकारचा आणा.

लेथवरची जुनी वायरिंग हा या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. स्टार्टर, फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच, कूलंट पंप, दिव्याचा ट्रान्सफॉर्मर, सगळं एकाच तीन फेजवर टांगलेलं असतं. ड्राइव्हच्या आउटपुटवर फक्त मोटर राहायला हवी, मध्ये एकही स्विच नको. चालत्या मोटरची जोडणी मध्येच तोडली तर ड्राइव्हचे आउटपुट ट्रान्झिस्टर धोक्यात येतात. फॉरवर्ड-रिव्हर्सचा दांडा ठेवायचाच, पण त्याचे काँटॅक्ट आता ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जायचे. तिथे २४ व्होल्टचं राज्य असतं, आणि जुन्या बटणपेटीत कुठे तरी २३० किंवा ४१५ ची वायर उरलेली असते. म्हणून बटणपेटीच्या सगळ्या वायरी पूर्ण मोकळ्या करून नव्याने ओढा. पंपाला सिंगल फेजचा वेगळा पंप घ्या. इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम बटण चकसमोर (चक म्हणजे जॉब पकडणारा भाग), हात सहज पोहोचेल तिथे बसवा, आणि ते दाबल्यावर मोटर थांबते याची रोज खात्री करा.

ड्राइव्ह कुठे बसवायचा? भिंतीवर, उभा, वर-खाली किमान १०० मिलिमीटर मोकळी जागा सोडून, आणि ग्राइंडरपासून दूर. बिडाची बारीक धूळ आत गेली की बोर्डवर शॉर्ट होतो. कपाटात ठेवलात तर पंखा आणि फिल्टर द्या. बहुतेक ड्राइव्ह ४० किंवा ५० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमता देतात. विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ड्राइव्ह एक साइज मोठा घेतलेला बरा. ड्राइव्ह ते मोटर केबल जितकी आखूड तितकी चांगली. शिल्डेड केबल असेल तर डिजिटल रीडआउट (टूलची जागा आकड्यांत दाखवणारा पडदा) भरकटत नाही.

पॅरामीटर भरताना नेमप्लेटचा फोटो उघडा ठेवा: व्होल्टेज २३०, करंट डेल्टाचा, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. वेग वाढायला तीन-चार सेकंद, थांबायला पाच-सहा. थांबायचा वेळ अगदी कमी ठेवला तर जड चकची गती ड्राइव्हमध्ये उलटी घुसते आणि ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट येतो. त्यावर ब्रेक रेझिस्टर हा उपाय. पण ज्या जुन्या लेथवर चक आट्यांवर चढवलेला असतो, तिथे रेझिस्टर लावून झटकन थांबवणं धोक्याचं. स्पिंडल थांबतो, चक फिरत राहतो आणि आट्यांवरून सुटून येतो. अशा लेथवर रिव्हर्समध्ये जड कट घेणंही टाळाच. वीज जाऊन आल्यावर मोटर आपोआप सुरू होण्याचं पॅरामीटर बंद आहे ना, हे दोनदा बघा.

कमी हर्ट्झचा मोह आवरा. २०-२५ च्या खाली मोटरच्या शाफ्टवरचा पंखा नीट हवा देत नाही, आणि हेडस्टॉकमध्ये तेल उडवून वंगण होत असेल तर तेही वरपर्यंत पोहोचत नाही. कमी वेगाला जोर हवा असेल तर लेथचा वेग उतरवणारा बॅक गिअर आहेच, ड्राइव्ह त्याची जागा घेत नाही. आटे पाडताना मात्र ड्राइव्हचं खरं सुख कळतं. स्पिंडल आणि लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) यांचं नातं गिअरनेच बांधलेलं असल्याने वेग कितीही कमी केला तरी पिच हलत नाही. वरच्या टोकाला ६० हर्ट्झपर्यंत ठीक, त्यापुढे चकवर कोरलेला कमाल आरपीएम वाचूनच जा.

पहिल्यांदा सुरू करताना पट्टा काढून ठेवा. पाच हर्ट्झ, मग दहा, मग पन्नास. क्लॅम्प मीटर तिन्ही वायरींवर आळीपाळीने फिरवा. साध्या मीटरचे आकडे ड्राइव्हच्या आउटपुटला थोडे फसवतात, पण तिन्ही जवळपास सारखे आले की पुरे. उलटी फिरली तर आउटपुटच्या कोणत्याही दोन वायरी बदला. इनपुटकडच्या बदलून काही होत नाही. वायर बदलायच्या आधी एमसीबी खाली पाडून ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत, आणि शिवाय पुस्तकात दिलेली मिनिटं थांबा. आतल्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. पट्टा चढवून अर्धा तास मोकळं चालवा, मोटरच्या अंगाला हात लावून बघा, मग पहिला कट हलका घ्या. सगळं जमल्यावर बदललेली पॅरामीटरं आकड्यांसकट कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. काढून टाकलेला जुना स्टार्टर आणि पितळी पट्ट्याही त्याच कपाटात ठेवा, तीन फेज आला की लागतील.