साक्षांकन नमुन्यातला ‘होय’

आमच्या तासगाव भागात बांधावरून भांडण झालं की फिर्यादीत अख्ख्या घराची नावं येतात. भावकीतल्या अशाच एका भांडणात माझंही नाव गेलं. मी तेव्हा सांगलीत अभ्यासिकेत होतो, पण ते कोण विचारतो! कलमं नेहमीचीच, जुन्या भारतीय दंड संहितेतली: ३२३ (मारहाण), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी). पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. लिपिकपदासाठी निवड झाली आणि साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी आपली माहिती भरून द्यायचा फॉर्म, हातात पडला, तेव्हा ते सगळं परत वर आलं.

“मिटलंय ना? मग ‘नाही’ लिही,” असं सांगणारे अभ्यासिकेत ढिगाने भेटतात. ऐकू नका. नमुन्यात अटक, खटला, प्रलंबित प्रकरण, शिक्षा असे प्रश्न वेगवेगळे असतात. या कलमांत कोर्टाने तडजोड नोंदवली की निर्दोष सुटल्यासारखंच धरतात, हे खरं. पण ‘कधी खटला झाला होता का?’ याचं उत्तर तरीही ‘होय’च. चारित्र्य पडताळणी शेवटी आपल्याच पोलीस ठाण्यात येते आणि तिथल्या नोंदी तडजोडीने पुसल्या जात नाहीत.

मी ‘होय’ लिहून गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, खटला क्रमांक, निकालाची तारीख दिली आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडली. नक्कल आधीच काढून ठेवा. खटला क्रमांक माहीत नसेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतो. पुढे लेखी खुलासा मागितला, तो दिला, मग नेमणुकीचा आदेश आला.

अर्थात खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की, असं नाही. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की, माहिती खरी दिली तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. किरकोळ गुन्हा लपवला असेल तर ते सोडूनही देऊ शकतात, पण त्या भरवशावर कोण राहणार? गंभीर गुन्ह्यात ‘संशयाचा फायदा’ मिळून सुटलेल्यांची वाट अवघडच, पोलीस भरतीत तर जास्तच.

१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, जुने आकडे शोधत बसू नका. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जायचं असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याच्या लोकांना कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली.

आणि नमुना भरून दिल्यावर, आदेश यायच्या आत नवा गुन्हा दाखल झाला तर तोही लेखी कळवा, पोच घ्या.