हलकं स्कूबा सामान घेताना या चुका टाळा, राजेहो

दिवाळी झाली, कापसाचे दोन पैसे हातात आले की फोन सुरू होतात. भाऊ, अंदमानला चाललो, हलकं सामान कोणतं घेऊ? कोर्स केलेला नसतो, एकदाही पाण्याखाली गेलेले नसतात, पण मोबाइलवर ट्रॅव्हल बीसीडीचे (पाण्यात वर-खाली राहणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) फोटो पाहून राहिले असतात. मान्य आहे, आपल्याकडून समुद्र लांब, गावातून एसटी, मग नागपूरचं विमान, पुढं चेन्नई नाहीतर कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर, तिथून बोट, आणि विमानात बहुतेक वेळा १५ किलो खाली अन् ७ किलो सोबत एवढीच मुभा. वजन कमी पाहिजेच. पण आधी घ्यायचं काय हेच उलटं करतात.

आधी मास्क. मग डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे किती खोल, किती वेळ ते दाखवणारं यंत्र. मग रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरची हवा तोंडात देणारं सामान. बीसीडी सगळ्यात शेवटी, आणि वर्षातून एकदाच जाणार असाल तर घेऊच नका, सेंटरवाले देतात.

मास्क ऑनलाइन रंग पाहून मागवू नका. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा, हात सोडले तरी चिकटून राहिला पाहिजे. मिशी असेल तर नाकाखालून जरा कापा, नाहीतर पाणी शिरणारच, आणि मिशी नाही कापत म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. नव्या काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यानं धुकं धरतं. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं आतून बोटानं घासायचं, धुवायचं, पुन्हा घासायचं. लायटरची ज्योत फिरवायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो, दोन मिनिटं वाचवायला मास्कची कड जाळून बसतात. तोंडभर झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्क तर स्कूबासाठी नाहीच, त्यात नाक दाबता येत नाही, मग खाली जाताना दाबले जाणारे कान कसे मोकळे करणार?

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. काट्यावर हलकं म्हणजे पाण्यातही हलकंच चालेल असं समजणं.

आमच्या शेजारच्या गावचा एक पोट्टा, तब्येतीनं चांगला भरलेला. हलकं बीसीडी घेतलं, ५ एमएम जाडीचा नवाकोरा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घेतला, आणि बुडायला कमरेला किती शिसं लागते ते घरीच ठरवतो म्हणून शेततळ्यात उतरला, धान्याच्या काट्याची मापं पट्ट्याला बांधून. (हे कोणी करू नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, पोहणाऱ्यालाही वर निघता येत नाही, दरवर्षी बातम्या येतात.) चार किलोत बुडला, खुश झाला. अंदमानला बोटीवर इन्स्ट्रक्टरला ठासून सांगितलं, मले चार किलोच लागते. उडी मारली तर बुचासारखा वर. "भाऊ, मी बुडूनच नाही राहिलो! तळ्यात तं बरोबर बुडत होतो!" साहजिक आहे. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड, माणूस आणि सामान मिळून शंभर किलो असेल तर तेवढ्यासाठीच अडीच किलोच्या आसपास जास्त शिसं लागतं. त्यात नवीन निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या रबरात, हवेचे बुडबुडे भरलेले.

इन्स्ट्रक्टरनं दोन किलो वाढवलं, हा अजून नको म्हणाला, बीसीडी रिकामं करून कसाबसा खाली गेला. खरी गंमत शेवटी झाली. अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर भरलेलं असताना बुडतं, रिकामं होत आलं की जवळपास दोन किलोनं वर ओढतं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तिथं हा फुग्यासारखा वर निघाला आणि इन्स्ट्रक्टरनं फिन (पोहायला पायात घालायचं वल्हं) धरून खाली ओढला. काही झालं नाही, नशीब.

म्हणून माझी सवय अशी, नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी, सिलिंडर ५० बारच्या आसपास आलं, म्हणजे हवा संपत आली, की पृष्ठभागावर वजन तपासायचं. बीसीडी रिकामं, श्वास नेहमीसारखा, पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळू खाली जायला पाहिजे. घाई असणाऱ्यांना हे दोन मिनिटांचं कामही जड जातं. आणि अंदमानच्या पाण्याला ३ एमएम पुरतो, ५ चा सूट नेऊन वर त्याच्यासाठी शिसं वाढवण्यात काय अक्कल आहे?

बऱ्याच हलक्या बीसीडींना पाठीमागं कडक पाट नसतो, सिलिंडर हलतं. सिलिंडरचा पट्टा आधी भिजवा, मग कसा. कोरडा कसला की पाण्यात सैल होतो.

फिन्स बोटीवरून उडी मारणार असाल तर पूर्ण पायाच्या घ्या, बूट वाचतात.

रेग्युलेटर आट्याचा म्हणजे डिन असेल तर अ‍ॅडॉप्टर सोबत ठेवा, आपल्याकडच्या सिलिंडरला जास्त करून योकच (वरून शिकंज्यासारखा कसायचा) बसतो. निघायच्या आधी सेंटरला फोन करून विचारायला काय जातं? रेग्युलेटर कायम हातातल्या बॅगेत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या पण तिथंच.

परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास सोडा. बरेच डाइव्ह असतील तर मी पूर्ण दिवस सोडतो. स्वस्तात मिळालं म्हणून सकाळी डाइव्ह अन् दुपारी विमान असलं करणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, रेग्युलेटरची टोपी लावूनच, नाहीतर आत पाणी जातं. वाळवायचं सावलीत. मे महिन्यात आपल्या स्लॅबवर ठेवलेलं रबर काय होतं ते चपला ठेवून पहा. टिनाच्या खोलीत तर नाहीच, तिथं फवारणीच्या औषधाचे डबे असतात आणि ज्यातून श्वास घ्यायचा ते त्या वासात ठेवता का? माझं सगळं झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत असतं, कारण उंदराला निओप्रीन भलतं आवडतं.